वाकातील फेरे : रूट कॅनालच्या हत्याराचे आयुष्य आणि त्याचा इतिहास

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हत्याराचे आयुष्य ठरवण्याची रीत जुनी असून ती डोळ्याने आणि बोटाने चालणारी आहे. गवत कापणाऱ्याचा विळा बोथट झाला की तो घासला जातो, पाते झिजून अरुंद झाले की लोहाराच्या भात्यापाशी जाते, ठोकून घेतल्यावर त्याला पुन्हा पाणी पाजले जाते, आणि ठोकण्याजोगे लोखंडच उरले नाही म्हणजे मगच ते टाकले जाते. किनाऱ्यावरच्या चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत दागिन्यांसाठी पोलादी डाय, म्हणजे सोन्याचांदीच्या पत्र्यावर नक्षी उठवणारे साचे, कोरण्याचा जो व्यवसाय चालतो त्यातही पत्र्यावर उठणारी रेघ किती स्वच्छ आहे हाच साच्याच्या कसाचा पुरावा असतो. याच तालुक्यांतील दंतवैद्यांच्या दवाखान्यांत वापरले जाणारे एक बारीक हत्यार मात्र या रीतीला दाद देत नाही. रूट कॅनालची फाइल धार शाबूत असताना, वरून कोणतेही चिन्ह न दिसता, रुग्णाच्या दाढेच्या मुळात मोडू शकते, आणि तिच्या वापराला मर्यादा कोणी व कशी घालावी हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे.

दाताच्या कठीण कवचाच्या आत एक मऊ गाभा असतो. शास्त्रीय मराठीत त्याला दंतगर म्हणतात, आणि लोकव्यवहारात ‘दाताची नस’ म्हणून जे ओळखले जाते ते हेच. हा दंतगर मुळांच्या आतील अरुंद नळ्यांतून जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचतो. कीड खोलवर गेली की तो सुजतो, सडतो, आणि मग एक तर दाढ उपटावी लागते किंवा नळ्या आतून साफ करून, निर्जंतुक करून, कायमच्या बुजवाव्या लागतात. हे दुसरे काम करणारी फाइल म्हणजे टोकाकडे निमुळती होत गेलेली, कडेने धारदार वळसे असलेली धातूची तार. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन नळ्या असतात, वरच्या दाढेला पुष्कळदा चार, आणि त्यांतील फारच थोड्या सरळ असतात. हत्यार सरळ आणि वाट वाकडी, या एका अडचणीतून पुढचा सारा इतिहास निघालेला आहे.

अमेरिकेतील एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ साली घड्याळाची स्प्रिंग घासून असे पहिले हत्यार तयार केले असे दंतशास्त्राचा इतिहास मानतो. मेनार्ड हे दंतवैद्य तर होतेच, शिवाय बंदुकांच्या रचनेत त्यांनी केलेल्या सुधारणांमुळे त्यांचे नाव शस्त्रांच्या इतिहासातही आहे. धातूची बारीक कामे करणाऱ्या माणसाने दातासाठीही धातूच हाताशी घ्यावा यात नवल नाही. स्प्रिंगचे पोलाद निवडण्यामागची समजूत अचूक होती, कारण स्प्रिंग वाकते आणि पुन्हा सरळ होते. ती किती वेळा वाकेल आणि सरळ होईल, हा हिशेब मात्र त्या वेळी घड्याळजींनाही ठाऊक नव्हता. अर्धशतकानंतर, १८८९ मध्ये, बोस्टनचे विल्यम रोलिन्स यांनी नळीत सुई फिरवणारे यंत्र बनवले आणि सुई मोडू नये म्हणून तिचा वेग मिनिटाला १०० फेऱ्यांपुरता मर्यादित ठेवला. यंत्राने फिरणारे हत्यार मोडते ही धास्ती त्या यंत्राबरोबरच जन्माला आली, हे यावरून दिसते. रोलिन्स यांनी घातलेली मर्यादा मात्र फेऱ्यांच्या वेगाला होती, फेऱ्यांच्या संख्येला नव्हती, आणि पुढे सिद्ध झाले त्याप्रमाणे महत्त्वाची होती ती संख्या.

संख्येचा प्रश्न तोपर्यंत दुसरीकडे, दवाखान्यापासून फार दूर, सोडवला गेला होता. जर्मनीतील हार्ट्झ डोंगराच्या खाणींत दगड वर ओढणाऱ्या लोखंडी साखळ्या एकदाच जास्त वजन टाकल्याने नव्हे, तर रोजचेच वजन पुन्हा पुन्हा उचलून तुटतात हे विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने १८२९ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून पन्नासहून अधिक माणसे मेली, आणि आगगाडीचा आस वर्षानुवर्षे ठीक चालून एके दिवशी अचानक का मोडतो हा प्रश्न युरोपातील अभियंत्यांना टाळता येईनासा झाला. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या, एरवी सहज सोसण्यासारख्या भाराने धातूत सूक्ष्म चीर सुरू होणे आणि ती वाढत जाऊन शेवटी धातू तुटणे, या क्रियेला धातूची श्रांती असे म्हणतात. तिचे नियम प्रथम पद्धतशीर शोधले ते प्रशियाच्या रेल्वेतील अधिकारी ऑगस्ट व्होलर यांनी. १८५० ते १८७० या दोन दशकांत त्यांनी लोखंडी व पोलादी दांडे एका टोकाशी भार लावून वाकवले आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच यंत्रावर लाखो फेरे फिरवले. दांडा वाकलेला असताना फिरतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा वाकाच्या बाहेरच्या अंगाला येऊन ताणला जातो आणि एकदा आतल्या अंगाला येऊन दाबला जातो. किती फेऱ्यांनंतर तो मोडेल हे या ताण-दाबाच्या पल्ल्यावर ठरते, आणि पोलादाच्या बाबतीत तो पल्ला एका मर्यादेच्या खाली राहिला तर दांडा जवळजवळ अमर्याद फेरे सोसतो, असा व्होलर यांचा निष्कर्ष होता.

हे प्रयोग चालू होते त्याच काळात बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा सुरत ते ग्रँट रोड हा मार्ग बांधला जात होता, आणि १८६४ च्या अखेरीस तो पुरा झाला तेव्हा डहाणूची किनारपट्टी, तिच्यामागची जंगले आणि गवताची कुरणे मुंबईच्या बाजारपेठेला जोडली गेली. गाव किनाऱ्यालगत आणि रूळ आतल्या बाजूने, म्हणून स्थानकाचे नाव डहाणू रोड. या रुळांवरून गेलेला प्रत्येक आस व्होलर यांच्या यंत्रातल्या दांड्यासारखाच वागत होता: वरून डब्याचे वजन त्याला किंचित वाकवत होते आणि तो त्या वाकात फिरत होता. वाकड्या मुळात फिरणारी आजची रूट कॅनाल फाइल नेमक्या याच प्रकारात मोडते. फरक आहे तो वाकाच्या प्रमाणात. आसाचा वाक डोळ्याला दिसत नाही; फाइल मात्र काही मिलिमीटरच्या अंतरात तीस, पन्नास, कधी त्याहूनही अधिक अंशांनी वाकते, म्हणजे व्होलर यांनी पोलादासाठी सांगितलेल्या सुरक्षित मर्यादेच्या किती तरी पलीकडे काम करते. तिच्या वाट्याला अमर्याद फेरे येण्याचा प्रश्नच नसतो. मोजकेच फेरे असतात, आणि ते खर्च होत जातात.

हे नाते दंतवैद्यकाच्या लक्षात येण्यास विसावे शतक संपत यावे लागले, कारण दरम्यानच्या काळात हत्यार हाताने चालवले जात होते आणि हाताच्या फाइलचा स्वभाव वेगळा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील केर कंपनीने चौकोनी किंवा त्रिकोणी छेदाची तार निमुळती करून तिला पीळ देण्याची पद्धत रूढ केली. जास्त पिळांची ती फाइल, कमी पिळांचा तो रीमर. फाइल प्रामुख्याने वरखाली घासायची आणि रीमर फिरवायचा, असा कामाचा भेद होता. अशा पोलादी फाइलला नळीत अडकवून जोराने फिरवले तर मोडण्याआधी तिचे पीळ उलगडू लागतात, किंवा उलट दिशेच्या जोराने ते एकमेकांत दाटतात. वळसे एकसारखे न दिसता मध्येच चकाकणारा सपाट तुकडा दिसला की अनुभवी दंतवैद्य ती फाइल बाजूला टाकत असे. लोहाराला विळ्याचे पाते जे सांगते तेच पोलादी फाइल दंतवैद्याला सांगत होती. सुरुवातीच्या कार्बन पोलादाला आणखी एक दुखणे होते, ते गंजण्याचे: नळी धुण्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमधला तोच क्षार, आणि निर्जंतुकीकरणाची वाफ हे दोन्ही त्याला खात. स्टेनलेस स्टील आल्यावर हे दुखणे बरेच कमी झाले, आणि त्याच्याबरोबर फाइल उकळून, तापवून वर्षभरही वापरत राहण्याची सवय अधिक पक्की झाली. दोन रुग्णांच्या मध्ये फाइलचे टोक तापलेल्या मिठात किंवा काचेच्या मण्यांत काही सेकंद खुपसून ‘निर्जंतुक’ करण्याची तऱ्हा जगभरच्या दवाखान्यांत दीर्घकाळ चालली. आजच्या मापाने ती अपुरी आहे.

हत्यारांना एकसारखी मापे मिळाली तीही उशिराच. प्रत्येक कारखान्याचा एक नंबर दुसऱ्याच्या एक नंबराशी जुळत नसे. १९५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या परिषदेत जॉन इंगल आणि लेव्हाइन यांनी टोकाच्या जाडीवर आधारलेली क्रमवारी सुचवली, आणि पुढे तीच आंतरराष्ट्रीय मानक बनली: २५ क्रमांकाची फाइल म्हणजे टोकाशी ०.२५ मिलिमीटर, धारेची लांबी १६ मिलिमीटर, आणि दर मिलिमीटरला ०.०२ मिलिमीटर इतकी वाढती जाडी; मुठीचे रंगही ठरलेले, १५ पांढरा, २० पिवळा, २५ लाल, ३० निळा, ३५ हिरवा, ४० काळा. आज तलासरीतल्या दवाखान्यातील स्पंजात खोचलेल्या फाइलींचे रंग आणि टोकियोतल्या दवाखान्यातील रंग एकच आहेत ते यामुळे. मोडण्याच्या अभ्यासालाही या मापांचा आधार मिळाला, कारण एकाच जाडीच्या हत्यारांची तुलना केल्याशिवाय कोणती किती टिकते हे सांगता येत नाही.

या सगळ्या घडामोडींच्या काळात डहाणू-तलासरीत रूट कॅनाल हा शब्द पोहोचण्याची परिस्थिती नव्हती, आणि तिचे कारण केवळ अंतर हे नाही. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरांनी मॉन्ट्रिअल येथील व्याख्यानात सडलेल्या दातांवर केलेल्या जुजबी उपचारांना शरीरभरच्या रोगांचे मूळ ठरवले, आणि त्यानंतरची काही दशके पाश्चात्त्य वैद्यकानेच दाढ वाचवण्यापेक्षा ती काढण्याकडे कल ठेवला. भारतात कलकत्त्यास रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये पहिले दंत महाविद्यालय सुरू केले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले, आणि दंतवैद्यकाच्या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टने. ज्या दशकात मुंबईत हे शिक्षण उभे राहत होते त्याच दशकाच्या पुढेमागे डहाणू आणि उंबरगाव भागातील वारली मजूर वेठबिगारीखाली होते, आणि १९४५ च्या उठावात त्यांनी मांडलेल्या मागण्यांत ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरी ही एक प्रमुख मागणी होती. ज्याला गवताच्या पेंढ्यांची मजुरी लढून मिळवावी लागते त्याने एका दाढेसाठी दोन-तीन वेळा मुंबईची वारी करावी अशी अपेक्षा कोणी केली नसती. दाढ दुखली की झाडपाला, आणि तेवढ्याने भागले नाही तर उपटणे, हाच मार्ग होता.

तलासरी हा तालुका म्हणून उभा राहिला तोही राज्याच्या फाळणीतून: १९६० साली उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेली गावे तलासरीखाली आली. त्यामुळे तेथील माणसाला आजही वापी आणि सिल्व्हासा ही शहरे पालघरपेक्षा जवळची आहेत, आणि उपचारासाठी राज्याची किंवा दादरा-नगर हवेलीची सीमा ओलांडणे ही त्याच्या दृष्टीने विशेष गोष्ट नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी वर्षभर, २०१३ मध्ये, मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली होती. डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आणि तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, शिवाय महामार्गालगत आणि स्थानकालगत खासगी दवाखाने आहेत. या भागात रूट कॅनाल ही सर्वसामान्यांच्या बोलण्यातली गोष्ट झाली ती फाइलने स्वतःचा धातू बदलल्यानंतरच्या काळात, आणि म्हणून येथल्या दवाखान्यांच्या वाट्याला पोलादी फाइलचा दीर्घ अनुभव न येता, नव्या धातूचे प्रश्न जवळजवळ थेट आले.

हा नवा धातू मुळात दातांसाठी नव्हता. अमेरिकी नौदलाच्या शस्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत असताना निकेल आणि टायटॅनियम यांचे जवळजवळ समप्रमाणातले मिश्रण त्यांच्या हाती लागले, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याचा विलक्षण गुण उघड झाला: वाकवून ठेवलेली पट्टी तापवताच आपल्या मूळ आकारात परत येते. नायटिनॉल हे त्याचे नाव. दात सरळ करण्याच्या तारांसाठी तो १९७० च्या दशकात वापरात आला, आणि १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली व गर्स्टीन यांनी अशाच तारेपासून १५ क्रमांकाची फाइल घडवून प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती त्याच आकाराच्या पोलादी फाइलपेक्षा दोन ते तीन पट लवचीक असून पिळानेही उशिरा मोडते असे दाखवले. या लवचीकपणाचे रहस्य धातूच्या आतील रचनेत आहे. ताण पडताच त्याचे स्फटिक ऑस्टेनाइट या एका मांडणीतून मार्टेन्साइट या दुसऱ्या मांडणीत सरकतात आणि ताण सुटताच परत येतात. पोलाद ज्या वाकात कायमचे वाकडे होईल त्या वाकातून नायटिनॉल सरळ होऊन बाहेर येतो. वाकड्या मुळात यंत्राने गोल फिरवता येईल अशी फाइल प्रथमच शक्य झाली, आणि १९९० च्या दशकात ती कारखान्यांतून निघू लागली.

पोलादी फाइलचा इशारा येथे हरवला. जी तार वाकते पण वाकडी राहत नाही, ती आपले दुखणे दाखवतही नाही. शिवाय नायटिनॉलला पोलादासारखा पीळ देणे बराच काळ जमले नाही, म्हणून फाइल तारेतून घासून कोरावी लागे, आणि त्या घासण्याचे सूक्ष्म ओरखडे पृष्ठभागावर राहत. व्होलर यांच्या दांड्यांप्रमाणे याही फाइलींत चीर सुरू होते ती बहुधा पृष्ठभागावरच्या अशाच एखाद्या ओरखड्यापासून. १९९७ मध्ये प्रुएट, क्लेमेंट आणि कार्न्स यांनी वाकवलेल्या पोलादी नळीत या फाइली मोडेपर्यंत फिरवल्या. मिनिटाला ७५०, १३०० आणि २००० असे तीन वेग घेऊनही मोडण्यापूर्वीच्या फेऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही; फरक पडला तो वाकाचा कोन आणि त्याची त्रिज्या बदलल्यावर. म्हणजे वाक किती अंशांचा आहे एवढेच पुरेसे नाही, तो किती थोड्या अंतरात घेतला आहे हेही तितकेच महत्त्वाचे. वेग वाढला की फाइल लवकर मोडते ती केवळ ठरलेले फेरे लवकर संपतात म्हणून.

हे आकड्यांत मांडले तर ‘किती वेळा वापरावी’ या प्रश्नाचे अवघडपण ध्यानात येते. मिनिटाला ३०० फेऱ्यांनी चालणारी फाइल वीस सेकंद नळीत राहिली तर तिचे १०० फेरे होतात. चार नळ्यांच्या एका दाढेत ४००. त्या नळ्या सरळ असतील तर ४०० फेऱ्यांचा खर्च नगण्य, आणि त्यांतील एकीला मध्येच तीव्र वाक असेल तर त्याच फेऱ्यांत फाइलचे बहुतेक आयुष्य संपलेले असू शकते. म्हणून ‘पाच रुग्णांनंतर टाका’ हा नियम एका फाइलच्या बाबतीत उधळपट्टी ठरतो आणि दुसरीच्या बाबतीत धोका. त्यात आणखी एक गुंता आहे. मोडण्याची दुसरी रीत पिळाची: टोक अरुंद जागी अडकते, मागची मूठ फिरत राहते आणि फाइल क्षणात तुटते, अगदी पहिल्याच वापरातही. जाड फाइल पिळाला चांगली पुरते पण वाकात लवकर थकते. बारीक फाइल वाकात टिकते पण पिळाने चटकन जाते. एका संकटावरचा उपाय दुसऱ्याला बोलावतो, आणि आधीच फेऱ्यांनी थकलेल्या जाड फाइलची पीळ सोसण्याची शक्तीही घटते असे काही प्रयोगांत दिसून आले आहे.

प्रयोगशाळेबाहेर काय घडते हे कळले ते टाकून दिलेल्या फाइली गोळा केल्यावर. सट्टापन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एका दवाखान्यातून टाकलेल्या ३७८ फाइलींपैकी जवळजवळ निम्म्यांत दोष आढळले आणि २१ टक्के मोडलेल्या होत्या. मोडलेल्यांत पिळाने गेलेल्या थोड्या अधिक, वाकाने गेलेल्या थोड्या कमी. २००४ मध्ये पराशोस, गॉर्डन आणि मेसर यांनी चार देशांतील चौदा तज्ज्ञांकडून आलेल्या ७१५९ फाइली तपासल्या, तेव्हा मोडण्याचे प्रमाण ५ टक्के निघाले आणि त्यात वाकाच्या श्रांतीचा वाटा पिळाच्या दुपटीहून अधिक होता. दोन्ही पाहण्यांतील तफावतीचे उत्तर दुसऱ्या अभ्यासाच्या निष्कर्षातच आहे: फाइल किती वेळा वापरली यापेक्षा ती कोणाच्या हातात होती याचा परिणाम मोठा होता. हे विधान वाचून वापराची संख्या बिनमहत्त्वाची आहे असे समजणे चुकीचे ठरेल. कुशल हात तीव्र वाकात फाइल कमी वेळ ठेवतो, तिला एका जागी थांबवत नाही, आधी बारीक हातफाइलने वाट करून देतो, म्हणजेच तो तेवढ्याच वापरात कमी फेरे खर्च करतो. हाताचे कौशल्य शेवटी व्होलर यांच्याच हिशेबात जमा होते.

वापराची मर्यादा सरकारी पातळीवर एकावर आणली गेली ती मोडण्याच्या भीतीने नव्हे. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ मध्ये सरकारी दंत अधिकाऱ्यांनी फाइल आणि रीमर एकाच रुग्णासाठी वापरून टाकण्याची सूचना दिली, तिच्यामागे व्हेरिअंट क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगाचा संसर्ग हत्यारांवरच्या उतींतून पसरण्याची शंका होती. त्या रोगाचे कारक द्रव्य नेहमीच्या वाफेच्या निर्जंतुकीकरणाने खात्रीने नष्ट होत नाही, आणि फाइलच्या वळशांत अडकलेला दंतगर घासून पूर्णपणे निघत नाही. श्रांतीचा प्रश्न अशा रीतीने तेथे आपोआप मिटला. भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम टाकलेली फाइल पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जावी हे सांगतात. ती कोणत्या वापरानंतर त्या डब्यात जावी हे ठरवणे त्यांच्या कक्षेत येत नाही. तो निर्णय दवाखान्याचा, आणि तेथे पैशाचा विचार अपरिहार्यपणे शिरतो. यंत्राच्या फाइली हातफाइलींपेक्षा पुष्कळ महाग असतात, आणि प्रत्येक दाढेला नवा संच घेतला तर त्याची किंमत रुग्णाच्या बिलात येते. डहाणूच्या चिकूवाडीत किंवा तलासरीलगतच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या माणसाला प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. बिल वाढले की त्याच्यापुढे उपटण्याचा जुना आणि स्वस्त पर्याय उभाच असतो. पुनर्वापराला सरसकट हलगर्जीपणा म्हणणारी टीका हा हिशेब गाळून केली जाते. पुनर्वापर करायचाच तर प्रत्येक फाइलमागे नोंद हवी, कोणत्या दाढेत, किती नळ्यांत, त्यांतील वाक कसा होता याची, आणि एकाकी चालणाऱ्या छोट्या दवाखान्यात ही नोंद ठेवणे नव्या फाइलच्या किमतीइतकेच जड जाते. एका तीव्र वाकाच्या नळीनंतर फाइल टाकणे आणि सरळ नळ्यांतून गेलेली फाइल पुन्हा वापरणे हा मधला मार्ग शास्त्राला सर्वाधिक धरून आहे, आणि तो नियमात लिहायला सर्वाधिक अवघड आहे.

मोडलेला तुकडा नळीत राहिला म्हणजे दाढ गेलीच असेही नाही. स्पिली, पराशोस आणि मेसर यांच्या २००५ च्या अभ्यासात तुकडा राहिलेल्या दाढांपैकी ९१.८ टक्के आणि तुकडा नसलेल्यांपैकी ९४.५ टक्के बऱ्या झाल्या. फरक ठळक झाला तो मुळाच्या टोकाशी आधीपासून सूज व हाडाची झीज असलेल्या दाढांत, कारण तेथे तुकड्यापलीकडचा भाग साफ करता येत नाही. उपचार जितका लांबवलेला तितकी सड खोलवर गेलेली, आणि खेडोपाडीच्या दवाखान्यात येणारा रुग्ण बहुधा सारे घरगुती उपाय संपवूनच येतो, हे ध्यानात घेतले तर ही टक्केवारी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

२००७ नंतरच्या दशकात कारखान्यांनी फेऱ्यांचा हिशेब दोन बाजूंनी बदलला. हत्यार पूर्ण गोल न फिरवता मागेपुढे असमान कोनांत हलवायचे, म्हणजे टोक अडकण्यापूर्वीच ते सुटते, ही पद्धत गसान यारेद यांच्या २००८ च्या लेखानंतर वेगाने पसरली, आणि तिच्यासाठी बनलेल्या फाइली बहुधा एकाच वापराच्या म्हणून विकल्या जातात. दुसरा बदल धातूच्या भट्टीतला. ठरावीक तापमानांची प्रक्रिया देऊन नायटिनॉल असा केला जाऊ लागला की शरीराच्या किंवा खोलीच्या उष्णतेला त्याचे बरेचसे स्फटिक मार्टेन्साइटच्या मऊ मांडणीत राहतात. अशी फाइल वाकवली तर वाकडीच राहते, आणि वाकलेल्या नळीत ती जुन्या फाइलपेक्षा कित्येक पट फेरे सोसते. यांतील काही जातींचे वळसे जास्त ताण आल्यावर उलगडतात, आणि वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये तापताच पुन्हा मूळ आकारात येतात. तापवूनही जे वळसे परत आले नाहीत ती फाइल टाकावी, असे त्यांचे कारखानदार सांगतात. ही खूण पिळाच्या ताणाची आहे. वाकात खर्च झालेल्या फेऱ्यांची खूण ती नव्हे, त्यामुळे ऑटोक्लेव्हमधून सरळ आणि एकसारख्या वळशांची निघालेली फाइलसुद्धा मोजणीतून सुटत नाही.